बळ, थकवा आणि तोल : जेम्स पार्किन्सन यांच्या १८१७ च्या निबंधाचे पुनर्वाचन

वैद्यकाच्या इतिहासात काही ग्रंथ असे आहेत की ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण ग्रंथ म्हणून ते क्वचितच वाचले जातात. जेम्स पार्किन्सन यांचा 'ॲन एसे ऑन द शेकिंग पाल्सी' हा निबंध त्यांपैकी एक होय. इ.स. १८१७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेले हे पुस्तक अवघ्या ६६ पृष्ठांचे आहे. त्याच्या पहिल्या प्रकरणातील व्याख्या पाठ्यपुस्तकांतून पुन:पुन्हा उद्धृत होत आली. पुढचा मजकूर मात्र मागे पडला. प्रस्तुत लेखात या निबंधाचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे. या आजारात रुग्णाची चाल बिघडते, तोल जातो, तो लवकर थकतो. तेव्हा त्याच्या स्नायूंचे बळच कमी झालेले असते काय? निबंधकाराने व्याख्येतच या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देऊन ठेवले आहे. परंतु त्याच निबंधातील रुग्णवृत्तान्त बारकाईने वाचले असता हे उत्तर डळमळू लागते. व्याख्या एक सांगते आणि वृत्तान्त दुसरेच दाखवतात. हा विसंवाद केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा विषय नाही. चालणे आणि थकवा यांविषयी आज होणाऱ्या संशोधनातही तो वेगळ्या रूपाने वावरतो, आणि त्याचे परिणाम घरोघरच्या रुग्णांच्या दिनक्रमावर होतात.

निबंधकार आणि त्याची दृष्टी

पार्किन्सन (१७५५–१८२४) हे लंडनलगतच्या हॉक्स्टन येथे सर्जन व ॲपोथेकरी म्हणून व्यवसाय करीत. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने त्यांनी राजकीय पत्रके लिहिली होती आणि जीवाश्मांवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८०४ ते १८११ या काळात प्रसिद्ध झाला होता. जीवाश्मांचा अभ्यासक बाह्य आकारावरून आतल्या रचनेचा अंदाज बांधतो. शेकिंग पाल्सीवरील निबंधाची पद्धतही हीच आहे. या निबंधात शवविच्छेदन नाही, स्नायूंची तपासणी नाही, आणि या उणिवेची कबुली निबंधकाराने प्रस्तावनेतच मोकळेपणाने दिली आहे. त्याने सहा रुग्णांची हकीकत सांगितली. त्यांपैकी दोघे त्याला रस्त्यात भेटले, एकाला त्याने केवळ दुरून पाहिले. म्हणजे जवळजवळ निम्मा पुरावा रस्त्यावर उभे राहून केलेल्या निरीक्षणाचा आहे.

पुष्कळ अभ्यासकांनी यास निबंधाची मर्यादा म्हटले आहे. चालीच्या संदर्भात मात्र ते त्याचे बलस्थान ठरते. दवाखान्यातील खुर्चीवर बसलेल्या रुग्णाचा हात कापताना दिसतो. त्याची चाल दिसत नाही. ती फरसबंदीवर, गर्दीत, काठी टेकत जाणाऱ्या माणसातच दिसते. डॉक्टर आपल्याकडे पाहत आहे हे त्या माणसास ठाऊक नसते, त्यामुळे तो नेहमीसारखाच चालतो. हा मुद्दा लहान वाटला तरी पुढे प्रयोगशाळेतील संशोधनाचा विचार करताना त्याकडे पुन्हा यावे लागेल.

व्याख्या आणि वृत्तान्त यांतील विसंवाद

व्याख्येत निबंधकार पाच गोष्टी एकत्र आणतो : विश्रांत अवयवांतील अनैच्छिक कंप, स्नायूंचे घटलेले बळ, धड पुढे झुकण्याची प्रवृत्ती, चालता चालता धावू लागणे, आणि ज्ञानेंद्रिये व बुद्धी यांचे अबाधित राहणे. 'घटलेले बळ' ही यांतील दुसरी गोष्ट. 'पाल्सी' या नावातच ती गृहीत आहे, कारण पाल्सी म्हणजे अंग लुळे पडणे.

आता वृत्तान्त पाहावेत. पहिला रुग्ण पन्नाशी उलटलेला, कष्टाळू आणि निर्व्यसनी माळी आहे. त्याचा आजार डाव्या हाताच्या किंचित कंपाने सुरू झाला, आणि काही दिवस त्या हाताला फार श्रम पडले म्हणून हे झाले असावे, असे त्याचे स्वत:चे मत होते. वारंवार विचारूनही त्याला दुसरे कारण आठवले नाही. निबंधकार हे मत नोंदवतो, पण त्याच्याआड आपले मत घुसडत नाही. येथे पहिल्याच रुग्णाच्या तोंडी थकव्याचे स्पष्टीकरण येते : हात दमला, म्हणून कापू लागला. पुढे असंख्य रुग्णांनी आणि त्यांच्या नातलगांनी याच धर्तीचे स्पष्टीकरण दिले असेल यात शंका नाही. ते सहज सुचणारे आहे. मात्र दमलेला हात विश्रांतीनंतर स्थिरावतो. या माळ्याचा हात स्थिरावला नाही.

तिसरा रुग्ण सुमारे ६५ वर्षांचा, धिप्पाड बांध्याचा खलाशी. स्पॅनिश तुरुंगात ओल्या जमिनीवर कित्येक महिने काढल्याने आपणास हे जडले असे तो समजत होता. त्याच्या चालण्याचे वर्णन हा साऱ्या निबंधातील सर्वांत बोलका भाग आहे. शरीर इतके पुढे वाकलेले की त्याला साधे चालणे शक्यच नव्हते, सतत धावावे लागे; आणि दर पाच-सहा पावलांनी तो काठीचे टोक समोरच्या फरसबंदीवर जोराने रोवून स्वत:ला मागे रेटी व शरीर सरळ करी. काठी येथे आधार नाही, ती ब्रेक आहे. बळ गेलेल्या माणसाला हे जमणार नाही. धावत्या शरीराचे सगळे वजन एका हाताने काठीवर झेलून थोपवायचे, आणि तेही मिनिटभरात कित्येकदा, याला खांद्यात, दंडात आणि पाठीत चांगलेच बळ लागते. निबंधकाराने दृश्य अचूक टिपले, पण त्यातून निघणारा निष्कर्ष काढला नाही.

पाचव्या रुग्णाचे दृश्य याहून विलक्षण आहे. त्याचा सेवक समोर उभा राहून दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवी. मग रुग्ण हळूहळू पुढे-मागे झुलून आपला तोल जुळवी, तो जुळला की इशारा देई, आणि धावत सुटे. सेवक चटकन बाजूला सरून पुढे धावे आणि सुमारे वीस पावलांनंतर रुग्ण पडण्याआधी त्याला झेलण्यास सज्ज राही. या वर्णनात तोल आणि बळ यांची जी फारकत दिसते ती एखाद्या प्रयोगातही इतकी स्पष्ट दिसणार नाही. धावण्याचे बळ आहे. उभे राहण्याचा तोल नाही. सुरुवात करण्यासाठी दुसऱ्याचे हात लागतात आणि थांबण्यासाठीही. मधली वीस पावले पाय आपापले काम करतात.

आणि सहावा रुग्ण. वय ७२. एका रात्री जागा झाला तेव्हा त्याच्या उजव्या बाजूची शक्ती जवळजवळ गेलेली होती. आजच्या भाषेत हा पक्षाघाताचा झटका म्हणता येईल. तो लुळेपणा असेपर्यंत त्या बाजूच्या हातापायाचा कंप पूर्णपणे थांबला. बळ परतले तसा कंपही परतला. निबंधकाराच्या हाती येथे एक नैसर्गिक प्रयोगच आला होता. खरी पाल्सी झाली की शेकिंग थांबते. म्हणजे या आजारातील 'कमी बळ' आणि पक्षाघातातील 'कमी बळ' या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. ज्या निबंधाच्या शीर्षकातच पाल्सी आहे, त्याच निबंधातील हा वृत्तान्त त्या शीर्षकाच्या विरोधात साक्ष देतो.

असे असता 'घटलेले बळ' व्याख्येत का आले? एक कारण परंपरेचे असावे, कारण त्या काळी कंपाचे वर्गीकरण पाल्सीखाली करण्याची रीत होती. दुसरे कारण निबंधाच्या दुसऱ्या बाजूत आहे. आजाराच्या वाटचालीचे वर्णन करताना निबंधकार आरंभीचे लक्षण म्हणून अशक्तपणाची जाणीव सांगतो. जाणीव, मोजमाप नव्हे. रुग्णाला अशक्त वाटते, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. पण पुढे या 'वाटण्या'चे 'असण्या'त रूपांतर झाले. निबंधातील हीच खरी सांध्याची जागा आहे.

याच वर्णनात पुढे एक वाक्य असे येते की चालणे हे रुग्णासाठी मोठे लक्ष पुरवून पार पाडावयाचे काम होऊन बसते. इच्छा जितके सांगते तितके आणि तितक्या तत्परतेने पाय उचलले जात नाहीत. पडू नये म्हणून कमालीची दक्षता घ्यावी लागते. दोनशे वर्षांनंतरही या निरीक्षणात फारशी भर घालता येत नाही. चालणे हे 'काम' झाले, आणि ते लक्ष देऊन करावे लागते. मग रुग्णाला थकवणारी गोष्ट कोणती : पाय की लक्ष? निबंधकाराने हा प्रश्न विचारला नाही, पण त्याची सर्व सामग्री पुरवली. आणखी एक विरोधाभास त्याने टिपला आहे. कंपाने हैराण झालेला रुग्ण चालण्याचा आश्रय घेतो, कारण चालताना त्या त्रासावरचे लक्ष थोडे उडते. म्हणजे एकाच पुस्तकात चालणे लक्ष मागणारेही आहे आणि लक्ष वळवणारेही. आजाराचा टप्पा बदलतो तसा चालण्याचा अर्थ बदलतो. दोन्ही विधाने खरी आहेत.

उपचारांच्या शेवटच्या प्रकरणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आजाराचे मूळ मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात आहे असे निबंधकाराने मानले आणि मानेवरून रक्त काढणे, फोड आणून पू वाहू देणे असे त्या काळचे उपाय सुचवले. निरीक्षक म्हणून तो काळाच्या पुढे होता, चिकित्सक म्हणून काळाच्या बरोबर.

शार्को यांची दुरुस्ती

पुढची पायरी पॅरिसमधील साल्पेत्रियेर रुग्णालयात गाठली गेली. झाँ-मार्तँ शार्को यांनी १८७० च्या दशकातील आपल्या व्याख्यानांत या आजारातील बळाचा प्रश्न थेट हाती घेतला. त्यांच्यापाशी डायनॅमोमीटर, म्हणजे पकडीचे बळ मोजणारे साधन होते. पुष्कळ काळपर्यंत या रुग्णांचे बळ चांगले शाबूत असते, असे त्यांनी दाखवले. मंद झालेली असते ती कृती. विचार आणि कृती यांच्यामध्ये खंड पडतो, प्रेरणा स्नायूंपर्यंत पोहोचवण्यासाठी मोठा प्रयास करावा लागतो, आणि लहानशा हालचालीनेही फार थकवा येतो. या थकव्यालाच लोक अशक्तपणा समजतात, असे शार्को यांचे प्रतिपादन होते. बळ शाबूत, म्हणून 'पाल्सी' नाही. प्रत्येक रुग्णात कंप असतोच असे नाही, म्हणून 'शेकिंग'ही नाही. अशा रीतीने जुन्या नावाचे दोन्ही शब्द त्यांनी बाद केले आणि आजाराला पार्किन्सन यांचे नाव द्यावे असे सुचवले. ज्याच्या व्याख्येत दुरुस्ती केली त्याच्याच नावाने आजार ओळखला जावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक हृद्य घटना म्हणावी लागेल.

शार्को यांची दुरुस्ती मोलाची आहे, तरी ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. त्यांनी मोजले ते स्थिर पकडीचे बळ. चालताना लागते ते बळ वेगळे. पाऊल पुढे टाकताना पोटरीच्या स्नायूंना फार थोड्या वेळात जमीन मागे रेटावी लागते. नडगीपुढील स्नायूला चवडा वेळेवर उचलून धरावा लागतो. शरीर एका पायावर असताना कमरेच्या बाजूच्या स्नायूंना ते आडवे कलंडू न देता सावरावे लागते. येथे बळ किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते किती त्वरेने लावता येते हेही महत्त्वाचे असते. अलीकडच्या मोजमापांत पार्किन्सनच्या रुग्णांत पायांचे बळ काही प्रमाणात कमी आढळते, आणि त्वरेने बळ लावण्याची क्षमता त्याहून स्वतंत्रपणे घटलेली आढळते. म्हणजे व्याख्येतील 'घटलेले बळ' पूर्णत: चुकीचे नव्हते, त्याचा अर्थ नेमका झाला नव्हता. निबंधकार आणि शार्को यांच्या वादात अर्धे-अर्धे सत्य दोघांकडेही होते. शार्को यांच्याकडे निर्णायक असे एकच होते : थकवा ही अशक्तपणापासून वेगळी काढून पाहण्याची गोष्ट आहे, ही दृष्टी.

स्नायू थकतो तेव्हा काय होते

थकवा हा शब्द शरीरशास्त्रात नेमका आहे. सतत श्रमाने स्नायूची बळ निर्माण करण्याची क्षमता घटते, तो स्नायूचा थकवा. ही घट स्नायूच्या आत होते, तशीच मेंदूकडून येणारी प्रेरणा मंदावल्यानेही होते. त्याहून निराळी आहे ती थकल्याची भावना. ती काहीही श्रम न करता सकाळी उठल्याबरोबरही असू शकते. पार्किन्सनच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ही भावना ठळकपणे आढळते. जाउ-शिन लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की या रुग्णांत शारीरिक थकवा आणि मानसिक थकवा ही दोन स्वतंत्र लक्षणे आहेत. एक जास्त म्हणून दुसरा जास्त असतोच असे नाही. २००३ मध्ये याच गटाला लेव्होडोपाने शारीरिक थकवा कमी होत असल्याचे आढळले. शार्को ज्याला प्रेरणा पोहोचवण्याचा प्रयास म्हणत होते, त्याच्याशी हे सुसंगत आहे.

स्नायूंना थकवणारी कारणेही या आजारात पुरेशी आहेत. गुडघे व कंबर किंचित वाकवून उभे राहणाऱ्या माणसाच्या मांडीपुढील स्नायूंना क्षणाचीही उसंत नसते. ताठ उभा माणूस हाडांच्या रचनेवर टेकून उभा असतो, वाकलेला माणूस स्नायूंच्या जोरावर. ताठरतेमुळे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी ओढत राहतात. त्याच वेगाने चालताना या रुग्णांना अधिक ऊर्जा लागते, हे मोजून पाहिलेले आहे. घोटा, गुडघा वा कमरेभोवतीचे स्नायू थकले तर निरोगी माणसाचाही उभे असतानाचा डोल वाढतो. रुग्णाचा तोल आधीच काठावर असल्याने त्याला हा वाढीव डोल परवडत नाही.

येथवर स्नायूचा थकवा हे पुरेसे स्पष्टीकरण वाटेल. परंतु चालीतील काही वैशिष्ट्ये त्यात बसत नाहीत. रुग्णाची पावले चालता चालता लहान लहान होत जातात, जसे त्याचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. पाहणाऱ्यास वाटते, दमला. पण कागदावर रेघा आखून दिल्या की अक्षर पुन्हा मोठे होते, आणि जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या की पाऊल लांब पडते. जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा पट्ट्यांचा उपयोग सांगितला होता. मेग मॉरिस, रॉबर्ट आयन्सेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की दृश्य खुणा दिल्या किंवा लांब पावलांकडे मुद्दाम लक्ष दिले तर रुग्णाच्या पावलाची लांबी जवळजवळ निरोगी माणसाइतकी होते; आणि त्याच वेळी दुसरे काम सोपवून लक्ष विचलित केले की पाऊल पुन्हा आखडते. थकलेला स्नायू रेघ पाहून ताजातवाना होत नाही. सपाट दाराशी पाय खिळणारा रुग्ण जिना मात्र चढून जातो, हेही पुष्कळांच्या अनुभवाचे आहे; जिन्याची प्रत्येक पायरी ही त्याच्यासाठी एक आखलेली रेघच असते.

चालणे आपोआप घडवून आणण्याचे काम मेंदूतील बेसल गँग्लिया करतात. डोपामिन घटल्याने ही स्वयंचलित व्यवस्था कोलमडते आणि जे काम पायांनी न सांगता करावयाचे ते लक्षाच्या बळावर करावे लागते. निरोगी माणूस चालताना बोलू लागला आणि जमीन निसरडी झाली, तर तो बोलणे थांबवतो, तोल सांभाळतो. नेदरलँड्समधील बास्टियान ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांनुसार पार्किन्सनच्या रुग्णांत हा अग्रक्रम बिघडतो. ते बोलत राहतात आणि तोल जातो. निबंधातील 'लक्ष पुरवून पार पाडावयाचे काम' हे शब्द येथे शब्दश: खरे ठरतात. आणि लक्ष ही पुरून उरणारी गोष्ट नव्हे. तीही दिवसभरात खर्च होते.

प्रयोगाच्या रचनेविषयी

स्नायूंच्या थकव्याचा पार्किन्सनच्या चालीवर होणारा परिणाम तपासण्यासाठी एक पद्धत बरीच रूढ झाली आहे. रुग्णाला प्रथम काही मीटर चालवतात. मग खुर्चीवरून उठणे-बसणे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, हात छातीशी बांधून, तो थकेपर्यंत करवतात. लगेच पुन्हा चालवतात आणि फरक मोजतात. ही पद्धत साधी आहे, स्वस्त आहे, आणि उठणे-बसणे ही रोजचीच क्रिया असल्याने कृत्रिमही नाही. तिच्यात तीन अडचणी मात्र आहेत.

सर्वांत गंभीर अडचण मेट्रोनोमचीच आहे. ठराविक ठोका हा या आजारात केवळ मोजणीचे साधन नसतो, तो उपाय असतो. ठोक्यावर पाऊल टाकले की रुग्णाची चाल सुधारते, म्हणून फिजिओथेरपीत त्याचा वापर होतो. मग थकवण्यासाठी जे साधन वापरले तेच बाह्य खूण म्हणून रुग्णाला काही मिनिटे सराव देत असेल, तर नंतरच्या चालीत दिसलेला बदल थकव्याचा की सरावाचा, हे कसे ठरवावे? उलट बाजूही आहे. ठोका चुकला की प्रयोग थांबवतात. निरोगी माणसाचा ठोका मांडी भरून आल्यामुळे चुकतो. रुग्णाचा ठोका लय धरण्याच्या मूळ बिघाडामुळेही चुकू शकतो. दोघांना 'थकले' म्हणून एकाच रकान्यात घातले, तर तो रकाना दोन वेगळ्या गोष्टी मोजतो.

दुसरी अडचण निष्कर्षाच्या वाचनाची. थकव्यानंतर दोन पावलांमधील आडवे अंतर वाढते, असे या प्रकारच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. याचे वर्णन चाल 'बिघडली' असे करण्याचा मोह होतो. परंतु पाया रुंद करणे ही सावधगिरीही असू शकते. होडीत उभा राहिलेला माणूस पाय फाकवतो, तेव्हा त्याची चाल बिघडली असे कोणी म्हणत नाही. बिघाड ओळखण्याची अधिक भरवशाची खूण म्हणजे एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतच्या वेळेतील चढउतार. जेफ्री हाउसडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की तो पार्किन्सनमध्ये वाढलेला असतो. सरासरी पाऊल तेच राहूनही चाल असुरक्षित होऊ शकते, हे केवळ सरासऱ्यांचे तक्ते पाहून कळत नाही. शिवाय असा चढउतार विश्वसनीय रीतीने मोजण्यासाठी पुष्कळ पावले लागतात. काही मीटरच्या पट्टीवर ती मिळत नाहीत.

तिसरी अडचण पुन्हा निबंधकाराच्या रस्त्याकडे नेते. प्रयोगशाळेतला रुग्ण औषधाचा परिणाम चांगला असतानाच्या वेळी येतो, रिकाम्या खोलीत चालतो, आणि आपल्याकडे पाहिले जात आहे हे जाणून चालतो. म्हणजे ज्या लक्षाचा तुटवडा हे त्याचे खरे दुखणे, ते सगळे लक्ष तो त्या दहा मीटरांत ओततो. स्नायू थकवून झाल्यावरही लक्ष शिल्लक असेल, तर तोल सावरला जाईल आणि निष्कर्ष निघेल की थकव्याचा फारसा परिणाम होत नाही. बाजारातून परतताना, हातात पिशवी, शेजारून रिक्षा जात असताना, औषधाच्या दोन वेळांमधल्या उताराच्या घडीला काय होते, हे त्या निष्कर्षात येत नाही. शेकिंग पाल्सीवरील निबंधात प्रयोग नव्हता, पण रस्ता होता. आजच्या पुष्कळ प्रयोगांत याच्या उलट आहे. अंगावर बांधता येणाऱ्या संवेदकांमुळे आता घरी आणि रस्त्यावर दिवसेंदिवस चाल नोंदवता येते, त्यामुळे ही उणीव भरून निघण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

'दमू देऊ नका' या सल्ल्याविषयी

या चर्चेचा व्यावहारिक भाग येथे येतो. घटलेले बळ आणि थकवा यांची गल्लत झाली की घरातून एकच सल्ला मिळतो : बसा, दमू नका. तो प्रेमाने दिलेला असतो. त्याचा परिणाम मात्र असा होतो की चालणे कमी होते, न वापरलेले स्नायू खरोखरच क्षीण होतात आणि जे बळ आरंभी शाबूत होते ते आता सल्ल्यामुळे जाते. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२८ रुग्णांपैकी एका गटाला कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्के इतक्या तीव्रतेने ट्रेडमिलवर सहा महिने व्यायाम दिला गेला. या गटाची हालचालींची गुणसंख्या जवळजवळ स्थिर राहिली. नेहमीच्या उपचारांवरील गटाची सुमारे तीन गुणांनी बिघडली. दमवणारा व्यायाम अपाय करीत नाही, इतके तरी यातून दिसते. मात्र ते सर्व रुग्ण आजाराच्या आरंभीच्या टप्प्यातील होते आणि त्यांची पार्किन्सनवरील औषधे सुरू झालेली नव्हती. होएन आणि यार यांच्या १९६७ च्या पाच टप्प्यांच्या श्रेणीत तिसऱ्या टप्प्यापासून तोल ढासळू लागतो. त्या रुग्णाला हाच निष्कर्ष लावून ट्रेडमिलवर चढवणे धोक्याचे ठरेल. तोलाचा बिघाड डोपामिनवाढीच्या औषधांनी फारसा सुधारत नाही. त्यामागे मेंदूतील इतर व्यवस्थांचाही ऱ्हास असतो. त्यामुळे 'दमा' आणि 'दमू नका' यांपैकी कोणताही एक सल्ला सर्व टप्प्यांना पुरत नाही.

मराठी शब्दांचा प्रश्न

मराठीत हा आजार कंपवात म्हणून ओळखला जातो. नावातला कंप डोळ्यांत भरतो आणि चाल मागे राहते, तीच गोष्ट 'शेकिंग'च्या बाबतीत घडली होती. ज्याचा हात कापत नाही पण पाय खिळतात, त्याला कंपवात झाला आहे हे घरच्यांना पटत नाही. वय झाले, संधिवात असेल, असे म्हणून वर्षे जातात. यात नावाचा काहीच वाटा नाही असे म्हणता येणार नाही.

थकव्याच्या बाबतीत मात्र मराठी अधिक समृद्ध आहे, आणि तिचा उपयोग केला जात नाही. इंग्रजीतील एकाच शब्दासाठी प्रश्नावल्यांत सरसकट 'थकवा' लिहिला जातो. बोलीत मात्र पाय भरून येणे वेगळे, दम लागणे वेगळे, शीण वेगळा, मरगळ वेगळी, अंग अवघडणे वेगळे, आणि अंगात त्राण नसणे आणखी वेगळे. पाय भरून येणे हे स्नायूच्या थकव्याचे जवळजवळ शास्त्रशुद्ध वर्णन आहे. मरगळ श्रमाविनाही येते. शीण हा लक्ष देऊन देऊन येतो. दिवसभर हिशेब लिहिणाऱ्यालाही शीण येतो, त्याचे पाय भरून येत नाहीत. पार्किन्सनच्या थकव्यासाठी रिचर्ड ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १६ प्रश्नांचा एक तक्ता तयार केला. असा तक्ता मराठीत उतरवताना प्रत्येक ठिकाणी 'थकवा' हाच शब्द वापरला, तर व्याख्येतील 'घटलेल्या बळा'ची चूक मराठीत नव्याने घडेल. रुग्ण 'हो' म्हणेल, आणि कशाला 'हो' म्हणाला हे कळणार नाही.

भाषेच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या विभागांनी एकत्र बसून करण्याजोगे हे काम आहे. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. रुग्णाला एकाच दिवशी, औषध घेतल्यावर तासाभराने आणि पुढच्या मात्रेच्या अगदी आधी, असे दोनदा विचारावे लागेल : पाय भरून आले आहेत का, शीण आला आहे का, की भरून आले नसतानाही पाय उचलत नाहीत? आणि त्या दोन्ही वेळी त्याला दहा मीटरांच्या पट्टीवर नव्हे, घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालताना पाहावे लागेल.